टंगस्टन ऑक्साइडचे दोन थर: सूत्र एक, जाडी एक, मग वागणूक वेगळी का?

पटलशोधक

नमस्कार. काचेवर चढवलेल्या टंगस्टन ऑक्साइडच्या पातळ थरांवर मी सध्या काम करीत आहे. थराखाली पारदर्शक वाहक म्हणून इंडियम-टिन ऑक्साइड आहे आणि इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियमचे आयन आहेत. ऋण व्होल्टेज दिले की थर निळा होतो आणि व्होल्टेज उलटे केले की पुन्हा स्वच्छ होतो. येथपर्यंत सर्व काही पुस्तकात लिहिल्याप्रमाणे घडते.

माझी अडचण त्यापुढची आहे. दोन वेगळ्या खेपांमध्ये तयार केलेल्या थरांचे रासायनिक सूत्र एकच आहे आणि जाडीही दोन्हींची सुमारे ३०० नॅनोमीटर आहे. तरीही पहिल्या खेपेतील थर काही सेकंदांत गडद निळा होतो, मात्र परतताना त्यात निळसर झाक उरते. दुसऱ्या खेपेतील थर सावकाश रंगतो, तेवढा गडद कधीच होत नाही, पण परतल्यावर अगदी पूर्ववत स्वच्छ दिसतो. पातळ थर म्हणजे त्याच पदार्थाचा अत्यंत बारीक काप असे धरले, तर हे दोन्ही थर सारखेच वागायला हवेत. सूत्र आणि जाडी यांपलीकडे थराच्या वागण्यावर नेमकी कशाची सत्ता चालते, हे जाणकारांनी सांगावे.

नीलकण

उत्तराकडे जाण्यापूर्वी रंग कुठून येतो हे मांडून घेऊ, कारण पुढची सगळी चर्चा त्याच्यावरच उभी राहणार आहे. रंगहीन थरात टंगस्टनचे जवळजवळ सर्व अणू +६ अवस्थेत, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत, असतात. बाहेरच्या मंडलातून इलेक्ट्रॉन आत आला की एखादा टंगस्टन +५ होतो, आणि विद्युत्प्रभाराचा तोल राखण्यासाठी इलेक्ट्रोलाइटच्या बाजूने एक लिथियम आयन किंवा प्रोटॉन थरात शिरतो. अस्फटिकी थरात, म्हणजे अणूंची नियमित मांडणी नसलेल्या थरात, हा इलेक्ट्रॉन मोकळा फिरत नाही. तो आपल्या भोवतालची अणुरचना किंचित वाकवून एका टंगस्टनवर मुक्काम करतो आणि योग्य ऊर्जेचा फोटॉन मिळाला की शेजारच्या +६ टंगस्टनवर उडी घेतो.

या उडीला साधारण १.२ ते १.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. म्हणजे शोषणाचे शिखर दृश्य प्रकाशात पडतच नाही. ते जवळच्या अवरक्तात, ९०० ते १००० नॅनोमीटरच्या परिसरात असते. या रुंद शिखराची एक बाजू तांबड्या प्रकाशापर्यंत उतरते, त्यामुळे तांबडा भाग शोषला जातो आणि निळा पार होतो. फॉगनन, क्रँडल आणि हेमन यांनी १९७५ मध्ये ही मांडणी केली आणि अस्फटिकी थरांसाठी ती आजही मूळ चौकट म्हणून वापरली जाते.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. थर किती गडद होणार हे आत शिरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर ठरते, पण तो किती लवकर गडद होणार हे बहुतेक वेळा आयनांवर ठरते, कारण दोघांपैकी जड पावलांनी चालणारा तोच आहे. टंगस्टनभोवती सहा ऑक्सिजन असलेली अष्टफलके कोपऱ्यांनी एकमेकांना जोडलेली असतात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांतून आयनांचा रस्ता जातो. सूत्र आपल्याला घटकांचे प्रमाण सांगते. रस्ता रुंद आहे की अरुंद, सरळ आहे की मध्येच बंद, याविषयी ते अवाक्षर काढत नाही.

काचबिंदू

माझे सदस्यनाम पाहता या धाग्यावर मत देण्याचा मला जन्मसिद्ध अधिकार आहे, परंतु ज्ञान नसल्यामुळे केवळ प्रश्न विचारतो. बोइंग ७८७ विमानात खिडकीला पडदाच नसतो आणि बटण दाबल्यावर काच निळसर काळी होत जाते. तेथेही हाच टंगस्टन ऑक्साइड आहे का?

तिसरा_थर

काचबिंदू, नाही. त्या खिडक्यांमध्ये दोन पारदर्शक वाहक थरांच्या मध्ये सेंद्रिय रंगद्रव्य मिसळलेली जेल असते. मोटारीतील आपोआप काळवंडणाऱ्या आरशांचे कुटुंबही तेच आहे. जेलमधले रेणू विद्युत्प्रवाह बंद झाला की एकमेकांना प्रभार परत देऊन टाकतात आणि काच हळूहळू स्वच्छ होते. म्हणून ती गडद ठेवण्यासाठी प्रवाह चालू ठेवावा लागतो. ऑक्साइडच्या घन थरात इलेक्ट्रॉन आणि आयन दोन्ही आत बंदिस्त राहतात, त्यामुळे मंडल तोडले तरी रंग बराच काळ टिकतो. इमारतींच्या मोठ्या काचांसाठी ऑक्साइडकडे लक्ष गेले ते मुख्यतः या गुणामुळे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे क्लेस-ज्योरान ग्रान्क्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या कल्पनेला ‘स्मार्ट खिडकी’ म्हणून रूप दिले.

अशा काचेत साधारणपणे पाच थर असतात: पारदर्शक वाहक, टंगस्टन ऑक्साइड, मधला आयनवाहक, निकेल ऑक्साइडसारखा प्रतिथर (समोरच्या बाजूने आयन देणारा-घेणारा थर), आणि पुन्हा पारदर्शक वाहक. माझ्या सदस्यनामाचा उगम यावरून लक्षात यावा. मधल्या थराला कोणी विचारत नाही, पण त्यातून इलेक्ट्रॉन गळू लागले की बाकीच्या चौघांचे काम फुकट जाते.

शंकासुर

चर्चा फार लवकर आयनांकडे वळली असे मला वाटते. पातळ थराचा रंग पाहताना पहिला संशयित नेहमी व्यतिकरण असला पाहिजे. टायटॅनियमवर ॲनोडीकरणाने वाढवलेला ऑक्साइड स्वतः रंगहीन असतो, तरीही व्होल्टेज वाढवत नेले की धातू सोनेरी, जांभळा, निळा, पुन्हा पिवळा असे रंग दाखवतो. तेथे दर व्होल्टमागे साधारण दोन नॅनोमीटर जाडी वाढते आणि रंग ठरतो तो केवळ वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतलेल्या किरणांच्या मेळाने. तापवलेल्या पोलादावर येणारे गवती पिवळे आणि निळे रंगही याच जातीचे आहेत.

टंगस्टन ऑक्साइडचा अपवर्तनांक २ च्या आसपास असतो आणि काचेचा १.५. एवढ्या फरकावर ३०० नॅनोमीटरच्या थरात व्यतिकरणाच्या लाटा चांगल्याच दिसतात. दोन खेपांमध्ये जाडीचा २० नॅनोमीटरचा जरी फरक असेल, तरी एक थर निळसर आणि दुसरा पिवळसर दिसू शकतो. पटलशोधक यांनी उरलेली निळसर झाक डोळ्यांनी पाहिली की मोजली, हे आधी स्पष्ट व्हावे.

रसायनी

शंकासुर यांनी सांगितलेली तपासणी आवश्यक आहे आणि सोपीही आहे. नमुना तिरपा करून पाहावा. व्यतिकरणाचा रंग कोनाबरोबर सरकतो, शोषणाचा रंग जवळजवळ तसाच राहतो. मात्र व्यतिकरणाने सगळे प्रकरण मिटेल असे मला वाटत नाही. एक थर काही सेकंदांत रंगतो आणि दुसरा सावकाश, हा काळाचा फरक आहे. जाडीतील २० नॅनोमीटरच्या चुकीने तो येणार नाही. शिवाय परतीनंतर उरलेला रंग खरा आहे की नाही हे ठरवायला प्रकाशाची गरजच नाही. आत गेलेला विद्युत्प्रभार आणि बाहेर आलेला विद्युत्प्रभार मोजावा. दोन आकडे जुळले नाहीत, तर काहीतरी आत राहिले आहे किंवा एखादी दुसरीच अभिक्रिया चालू आहे.

पटलशोधक, थर तयार करतानाच्या स्थितीविषयी आपण काहीच लिहिले नाही. स्पटरिंग (आयनांच्या माऱ्याने ‘लक्ष्य’ म्हणून ठेवलेल्या धातूतून अणू उडवून ते काचेवर बसवणे) करीत असाल तर कक्षातील दाब, ऑक्सिजनचे प्रमाण, काचेचे तापमान आणि थर तयार झाल्यापासून मापनापर्यंत तो कुठे ठेवला होता, एवढी माहिती दिल्याशिवाय आम्ही सारे अंधारातच बाण मारणार.

पटलशोधक

सर्वांचे आभार. झाक डोळ्यांनाही दिसते आणि ५५० ते ८०० नॅनोमीटर या पट्ट्यात पारगम्यता (पार होणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण) मूळ पातळीपेक्षा खाली राहिल्याचे मापनातही दिसते. नमुना तिरपा केल्यावर ती बदलत नाही. दोन्ही खेपा टंगस्टनच्या लक्ष्यापासून आर्गॉन आणि ऑक्सिजनच्या मिश्रणात स्पटरिंग करून केल्या आहेत. पहिल्या खेपेत कक्षातील दाब बराच जास्त होता आणि काच तापवलेली नव्हती. दुसऱ्या खेपेत दाब कमी होता आणि काच तापवलेली होती. इलेक्ट्रोलाइट म्हणजे प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये विरघळवलेले लिथियम परक्लोरेट. जाडी पायरीवरून सुई फिरवणाऱ्या यंत्राने मोजली आहे.

जुना_जाणकार

दाबाचा उल्लेख आला आणि निम्मे उत्तर समोर आले.

स्पटरिंगमध्ये लक्ष्यावरून सुटलेले अणू काचेपर्यंत पोचताना वायूच्या अणूंवर आदळतात. दाब जास्त असेल तर टकरा जास्त होतात, अणूंची ऊर्जा गळून जाते आणि ते तिरप्या दिशांनीही येऊ लागतात. ऊर्जा संपलेला अणू जेथे पडतो तेथेच चिकटतो. पृष्ठभागावर सरकून खळगा भरण्याइतके त्राण त्याच्यात उरत नाही. उंचवट्यांच्या सावलीत येणारे खळगे रिकामे राहतात आणि थर स्तंभांच्या रूपात वर वाढतो, स्तंभांमध्ये फटी राहतात. कमी दाबावर आणि तापवलेल्या काचेवर याच्या उलट घडते: अणू हलतात, जागा शोधतात, थर दाट होतो आणि तापमान पुरेसे असेल तर स्फटिकी होऊ लागतो.

म्हणून आपल्या दोन थरांची जाडी एक असली, तरी दर चौरस सेंटिमीटरमागे टंगस्टनचे अणू सारखे नाहीत. सुईच्या यंत्राला स्तंभ आणि फट यांत फरक कळत नाही.

थोडे गणित करू. थराची घनता ६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली, तर ३०० नॅनोमीटरच्या थरात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.१८ मिलिग्रॅम पदार्थ असतो. प्रत्येक टंगस्टनमागे एक इलेक्ट्रॉन घालायचा म्हटले तर त्यासाठी सुमारे ७५ मिलिकूलॉम लागतील. प्रत्यक्षात एवढा प्रभार कोणी घालत नाही. दर टंगस्टनमागे लिथियमचे प्रमाण ०.३ च्या पलीकडे गेले की परतीची खात्री उरत नाही. समजा आपण १५ मिलिकूलॉम घातले, म्हणजे प्रमाण ०.२ झाले. तांबड्या प्रकाशात रंगण्याची कार्यक्षमता दर कूलॉमला ५० चौरस सेंटिमीटर धरली, तर प्रकाशीय घनता ०.७५ ने वाढते, म्हणजेच पारगम्यता साडेपाच पटींनी घटते आणि ८० टक्के पारगम्यतेची काच १४ टक्क्यांवर येते. आता तेच १५ मिलिकूलॉम घनता ४.५ असलेल्या सच्छिद्र थरात घातले, तर तेथे प्रमाण ०.२७ होते. प्रभार तोच आणि रंगही साधारण तेवढाच, पण हा सच्छिद्र थर धोक्याच्या रेषेच्या किती जवळ सरकला ते पाहा.

वेगाचेही तसेच आहे. विसरणाला, म्हणजे आयन पदार्थात पसरत जाण्याला, लागणारा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दाट थरात आयनाला पृष्ठभागापासून तळापर्यंत पूर्ण ३०० नॅनोमीटर घन पदार्थातून जावे लागते. सच्छिद्र थरात इलेक्ट्रोलाइट फटींमधून आतपर्यंत पोचलेला असतो आणि आयनाला केवळ एका स्तंभाच्या अर्ध्या रुंदीएवढे अंतर कापायचे असते. ही रुंदी ३० नॅनोमीटर असेल तर अंतर वीसपटींनी आणि काळ चारशेपटींनी कमी होतो. प्रत्यक्षात इतका लाभ होत नाही, कारण मग वाहक थराचा रोध आणि पृष्ठभागावरची अडवणूक आड येतात. तरीही पहिली खेप चपळ का आहे हे यावरून कळावे.

शंकासुर

जुना_जाणकार यांचे गणित मान्य आहे, पण त्यातून माझाच मुद्दा वेगळ्या वेशात परत येतो. जाडीऐवजी दर चौरस सेंटिमीटरचे वस्तुमान मोजले असते, तर दोन थर मुळातच असमान आहेत हे कळले असते आणि धागा काढण्याची वेळ आली नसती. अडचण मापनाची आहे, पदार्थाची नाही.

नीलकण

वस्तुमान समान केले तरी फरक राहील. त्याचे कारण असे की अस्फटिकी आणि स्फटिकी थरांत रंग येण्याची रीतच वेगळी आहे. अस्फटिकी थरात इलेक्ट्रॉन एकेका टंगस्टनवर अडकून उड्या मारतात आणि प्रकाश शोषतात. चांगल्या स्फटिकी थरात ते पुष्कळसे मोकळे होतात आणि धातूतील इलेक्ट्रॉनांप्रमाणे अवरक्त प्रकाश परावर्तित करू लागतात. तेवढ्याच प्रभारात डोळ्यांना दिसणारा निळेपणा त्यामुळे कमी होतो. पटलशोधक यांची दुसरी खेप तेवढी गडद होत नाही, त्यामागे प्रभार कमी शिरला हे एक कारण असू शकते आणि शिरलेला प्रभार अवरक्तात खर्च झाला हे दुसरे. अवरक्तात २००० नॅनोमीटरपर्यंत परावर्तन मोजले तर दोन्हींमधला निवाडा होईल.

मोकळ्या इलेक्ट्रॉनांची ही गोष्ट पातळ थरांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. व्होलर यांनी १८२४ मध्ये सोडियम आणि टंगस्टन ऑक्साइड यांपासून सोन्यासारखी चकाकणारी संयुगे मिळवली होती. त्यांत सोडियम कमी असेल तर रंग निळसर जांभळा आणि वाढत गेले तर तांबडा व शेवटी सोनेरी होतो. घटक तेच, इलेक्ट्रॉनांची संख्या आणि त्यांचे स्वातंत्र्य मात्र वेगळे.

उष्मांकी

थोडे विषयांतर करतो, पण शंकासुर यांना उत्तर म्हणून व्हॅनेडियम डायऑक्साइडचा दाखला येथे द्यायलाच हवा. येथे व्होल्टेज नाही, आयन नाहीत, केवळ तापमान आहे. बेल प्रयोगशाळेतील मॉरिन यांनी १९५९ मध्ये दाखवले की सुमारे ६८ अंश सेल्सियसला हा पदार्थ विद्युत्रोधकासारखी वागणूक सोडून धातूसारखा वागू लागतो. थंड अवस्थेत व्हॅनेडियमचे अणू जोड्या करून बसलेले असतात. संक्रमणानंतर जोड्या मोडतात, जालरचना अधिक सममित होते आणि अवरक्त प्रकाश अडू लागतो. जोड्या मोडल्यामुळे इलेक्ट्रॉन सुटतात, की इलेक्ट्रॉनांमधील परस्पर प्रतिकर्षण सैल झाल्यामुळे जोड्या मोडतात, हा वाद फार जुना आहे. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की एकीलाच श्रेय देण्याचा आग्रह निष्फळ आहे.

आता थराकडे पाहा. या पदार्थाचा मोठा स्फटिक संक्रमणाच्या वेळी आकार बदलल्यामुळे काही फेऱ्यांतच तडकू लागतो; पातळ थर मात्र तो ताण सोसून पुन्हा पुन्हा संक्रमण करू शकतो. स्फटिकात तापताना आणि निवताना होणाऱ्या संक्रमणांत एक-दोन अंशांचेच अंतर असते, तर बारीक कणांच्या थरात ते दहा अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही रुंद होते, कारण प्रत्येक कण आपापल्या दोषांनुसार आपापल्या वेळी उलटतो. सर्वांत बोलका दाखला टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर वाढवलेल्या थरांचा आहे. आधाराचा स्फटिक एका दिशेने कापलेला असेल तर संक्रमण सुमारे ३०० केल्विनला होते, दुसऱ्या दिशेने कापलेला असेल तर सुमारे ३६९ केल्विनला. आधार थराला एका दिशेने ताणतो किंवा दाबतो, एवढेच कारण. वस्तुमान मोजून हा ६९ अंशांचा फरक सापडणार नाही, शंकासुर.

काचबिंदू

हा पदार्थ तापल्यावर कोणत्या रंगाचा होतो, हे लिहायचे राहिले.

उष्मांकी

आधीही पिवळसर तपकिरी आणि नंतरही जवळजवळ तसाच. बदल होतो तो मुख्यतः अवरक्तात.

काचबिंदू

म्हणजे रंगबदलू पदार्थांच्या या गौरवशाली परंपरेत एक पदार्थ असाही आहे की ज्याचा रंग बदलत नाही. मी समाधानी आहे.

तिसरा_थर

काचबिंदू यांनी गमतीत म्हटले, पण खिडकीच्या दृष्टीने अडचण नेमकी तीच आहे. तपकिरी काच कोणाला आवडत नाही. साध्या थराची दृश्य पारगम्यता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवली, तर सूर्याच्या एकूण उष्णतेत पडणारा फरक जेमतेम १० टक्क्यांच्या घरात राहतो. थर जाड केला तर फरक वाढतो, पण खोलीत अंधार होतो. टंगस्टन मिसळून संक्रमणाचे तापमान खाली आणता येते, दर अणु-टक्क्यामागे साधारण २० ते २५ अंश, परंतु तापण्यापूर्वीच्या आणि तापल्यानंतरच्या अवस्थांमधील फरकही त्याबरोबर बोथट होत जातो. शिवाय व्हॅनेडियमची ऑक्साइडे पुष्कळ आहेत आणि ऑक्सिजन थोडा इकडेतिकडे झाला की भलतेच ऑक्साइड पदरात पडते.

ओलावा

विषयांतर पुरे करून मूळ प्रश्नाकडे परतावे. एका घटकाकडे अजून कोणी पाहिलेले नाही: पाणी. सत्येन देब यांनी १९६९ मध्ये टंगस्टन ऑक्साइडच्या पातळ थरात विद्युत्क्षेत्राने येणाऱ्या रंगाची नोंद प्रसिद्ध केली आणि १९७३ मध्ये तिचे सविस्तर विवेचन केले. ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांवर अडकलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे रंग येतो, असा त्यांचा रोख होता. पुढे इतरांनी दाखवले की सच्छिद्र थरात हवेतून शोषलेले पाणी असते, त्यातून प्रोटॉन मिळतात, आणि हे पाणी काढून टाकले तर रंगण्याची क्रिया मंदावते.

पटलशोधक यांची पहिली खेप सच्छिद्र आहे. मापनापूर्वी ती उघड्या हवेत राहिली असेल, तर इलेक्ट्रोलाइट कितीही कोरडा घेतला तरी थराने आपले पाणी बरोबर आणलेले आहे. अशा थरात सुरुवातीला लिथियमबरोबर प्रोटॉनही भाग घेतात आणि पहिल्या काही फेऱ्या पुढच्या फेऱ्यांसारख्या दिसत नाहीत. वेग हवा म्हणून कोणी मुद्दाम आम्लाचे जलीय द्रावण वापरतात. प्रोटॉन लहान असल्यामुळे रंग झटकन येतो, पण अस्फटिकी थर पाण्यात हळूहळू विरघळतो. दाट आणि स्फटिकी थर तेथे अधिक टिकतात. म्हणजे ज्या मोकळेपणामुळे थर चपळ होतो, तोच त्याचे आयुष्यही कमी करतो.

शंकासुर

टायटॅनियम डायऑक्साइडचा दाखला ठोस आहे, त्याविषयी वाद घालत नाही. परंतु तो तापमानाच्या संक्रमणाचा आहे. आयन आत घेणाऱ्या थरात रचना एवढी निर्णायक असेल, तर निकेल ऑक्साइडचे काय? तेही काही आयन आत घेऊनच रंगते ना?

रसायनी

निकेल ऑक्साइड उलट दिशेने चालते. टंगस्टन ऑक्साइड इलेक्ट्रॉन मिळाल्यावर रंगते, निकेल ऑक्साइड इलेक्ट्रॉन गमावल्यावर. म्हणूनच ते एकाच काचेत समोरासमोर बसवता येतात. एकातून निघालेला आयन दुसऱ्यात जातो, दोघे एकाच वेळी गडद होतात, आणि एकाच्या निळ्यात दुसऱ्याचे तपकिरी मिसळून काचेला करड्याकडे झुकणारा रंग येतो. निकेल ऑक्साइडच्या अंतर्भागात टंगस्टन ऑक्साइडसारख्या प्रशस्त पोकळ्या नसतात. तेथे प्रभाराची देवघेव मुख्यतः कणांच्या पृष्ठभागांवर आणि सीमांवर होते. त्यामुळे बारीक कणांचा सच्छिद्र थर तेथे जवळजवळ अपरिहार्य ठरतो आणि आपण म्हणता ती रचना तेथे अधिकच निर्णायक होते.

आता उरलेल्या निळसर झाकेविषयी. थरातील सर्व जागा आयनासाठी सारख्या नसतात. काही जागा उथळ असतात, तेथून आयन सहज निघतो. काही खोल असतात, तेथे शिरलेला लिथियम नेहमीच्या व्होल्टेजला दाद देत नाही आणि त्याच्याबरोबरचा इलेक्ट्रॉनही टंगस्टनवर राहून रंग देत राहतो. अनेक फेऱ्यांनंतर अशा जागा भरत जातात आणि थर थकल्यासारखा वागू लागतो. वेन, ग्रान्क्विस्ट आणि निकलासन यांनी २०१५ मध्ये दाखवले की अशा थरातून बराच वेळ सौम्य स्थिर प्रवाह उलट्या दिशेने सोडला, तर अडकलेले आयन बाहेर काढता येतात आणि थर पुन्हा पहिल्यासारखा वागतो. थर मोडलेला नव्हता, केवळ कोंडलेला होता, हे त्या प्रयोगाचे मर्म मला फार मोलाचे वाटते.

पटलशोधक

सर्वांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. रसायनी यांच्या सूचनेप्रमाणे जुन्या नोंदींमधून प्रभाराचे आकडे काढून पाहिले. पहिल्या खेपेत सुरुवातीच्या फेऱ्यांमध्ये आत गेलेला प्रभार बाहेर आलेल्या प्रभारापेक्षा स्पष्टपणे जास्त आहे आणि पुढे हा फरक जवळजवळ मिटतो, परंतु झाक तेवढीच राहते. दुसऱ्या खेपेत पहिल्या फेरीपासूनच दोन्ही आकडे जुळतात. ही खूण खोल जागा भरून गेल्याची आहे, की पाण्याची, की आयन केवळ सावकाश बाहेर येत आहेत आणि मी पुरेसा वेळ थांबलो नाही याची, हे वेगळे कसे करावे?

जुना_जाणकार

तिन्ही शक्यता एकामागून एक तपासता येतील. आधी थर नेहमीच्या परतीच्या व्होल्टेजवरच नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ धरून ठेवावा आणि पारगम्यता पाहत राहावी. ती सरकत राहिली तर आयन मंद आहेत एवढेच. ती एका पातळीवर थबकली तर ते अडकले आहेत. त्यानंतर त्याच खेपेतील एक ताजा तुकडा निर्वातात सौम्य तापवून, हवा न लागू देता मापनाला घ्यावा. तापमान २०० अंशांच्या आत ठेवावे, नाहीतर थर स्फटिकी होऊ लागेल आणि आपण तिसराच पदार्थ मोजत बसाल. या तुकड्याच्या पहिल्या फेऱ्यांत प्रभाराची तफावत बरीच कमी झाली, तर पाण्याचा वाटा मोठा होता असे समजावे. दोन्हींनंतरही झाक उरली, तर सौम्य उलट्या प्रवाहाचा प्रयोग करावा.

आणखी एक गोष्ट पाहावी. थर कक्षातून बाहेर काढल्यावर, अजून व्होल्टेज दिलेही नसताना, पूर्ण स्वच्छ होता का? ऑक्सिजन अपुरा पडला तर थर जन्मतःच निळसर असतो आणि तो निळेपणा कोणत्याही परतीच्या व्होल्टेजने जाणार नाही.

रसायनी

उलट्या प्रवाहाच्या प्रयोगात व्होल्टेजवर नजर ठेवावी. लिथियम इलेक्ट्रोडच्या तुलनेत ४ व्होल्टच्या बरेच वर गेल्यावर प्रॉपिलीन कार्बोनेट स्वतःच ऑक्सिडीकृत होऊ लागते, आणि मग बाहेर येणारा प्रभार अडकलेल्या आयनांचा आहे की इलेक्ट्रोलाइटचा, हे आकड्यांवरून कळत नाही. म्हणून तेथे केवळ प्रभारावर विसंबू नये, पारगम्यता त्याच वेळी मोजावी. रंगवताना २ व्होल्टच्या खाली जाणेही टाळावे, कारण खोल जागा भरतात त्या मुख्यतः तेथेच.

शंकासुर

हे सर्व करताना तुकड्याच्या कडेला आणि मध्यभागी, दोन्हीकडे मापन घ्यावे, ही माझी शेवटची हरकत. वाहक थराच्या रोधामुळे कड आधी रंगते आणि मध्य मागून, त्यामुळे एकाच बिंदूवर घेतलेला वेग थराचा आहे की खालच्या वाहकाचा हे सांगता येत नाही. आणि थराचे वस्तुमानही मोजावे.

पटलशोधक

वस्तुमान मोजण्यासाठी, भार वाढला की ज्याची कंपनसंख्या बदलते अशा क्वार्ट्झच्या स्फटिकावर त्याच स्थितीत दोन्ही थर नव्याने चढवणार आहे. नोंदी तपासल्या, पहिल्या खेपेतील थर व्होल्टेज देण्यापूर्वी पूर्ण स्वच्छ होता, तेव्हा ऑक्सिजनच्या कमतरतेची शक्यता सध्या बाजूला ठेवतो. परतीच्या व्होल्टेजवर धरून ठेवलेल्या थराचा आलेख तयार झाला की याच धाग्यावर टाकतो.